आहार आणि स्मरण : एक विचार

साधकाचा दिवस अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि स्मरण यांत जावा, ही असन्निधानातील आचाराची सर्वपरिचित चौकट होय. यांपैकी स्मरणाचा विचार पंथात सर्वांहून अधिक झाला आणि ते योग्यच आहे. कारण इतर विधी त्याच्याच साहाय्यासाठी आहेत. भोजनाचा विषय निघाला की मात्र तो बहुधा एका वाक्यात संपतो : भोजन हा देहाचा व्यवहार, तो उरकावा आणि स्मरणास लागावे. परंतु प्रत्यक्षात काय घडते? पर्वाच्या दिवशी पंगत उठते आणि दोन घटकांच्या आत स्मरणास बसलेल्या साधकाची मान डुलू लागते. नामाची संख्या चुकते. लीळा आठवू जावी तर मन मध्येच घरंगळते. याच्या उलट, दिवसभर काहीच न खाल्लेल्या साधकास सायंकाळी शेजाऱ्याचे साधे बोलणेही टोचते. दोन्ही ठिकाणी साधक तोच, साधन तेच, श्रद्धाही तीच. बदलले ते केवळ पोटातील अन्न.

येथे एक खरा प्रश्न उभा राहतो. आहाराने मनाचा कल आणि दिवसाचा उत्साह बदलत असेल, तर पात्रात पडेल ते स्वीकारणाऱ्या भिक्षूच्या मनाची सूत्रे गृहस्थाच्या चुलीच्या हाती आहेत असे म्हणावे लागेल. आणि बदलत नसेल, तर श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार वेगळे करून सांगण्याचे प्रयोजन उरत नाही. पहिला पक्ष घेतला तर भिक्षाविधीस बाध येतो. दुसरा घेतला तर वचनास. या दोहोंतून वाट कोणती, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जीव भिन्न असता अन्नाचा स्पर्श कोणास?

प्रथम तत्त्वज्ञानाच्या बाजूने येणारा आक्षेप घेऊ. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. अन्न प्रपंचातले, देह प्रपंचातला. तेव्हा अन्नाचा परिणाम देहावर होवो, जीवास त्याचे काय? भाकरी खाल्ल्याने जीव पुष्ट होत नाही आणि न खाल्ल्याने क्षीणही होत नाही.

हा आक्षेप सिद्धान्त म्हणून खरा, परंतु साधनेच्या व्यवहारात अपुरा आहे. जीव भिन्न आहे, पण बद्धावस्थेत तो देहाच्या आणि मनाच्या द्वारानेच जाणतो, आठवतो आणि आचरतो. कंदिलाची काच काजळली म्हणून आतील ज्योतीचे स्वरूप पालटत नाही; पण त्या उजेडात पोथी वाचता येत नाही, हेही तितकेच खरे. काच पुसणे म्हणजे ज्योत लावणे नव्हे. परंतु ज्योत आहे म्हणून काच पुसण्याची गरज नाही, असे कोणी म्हणत नाही. अन्नाचा विचार हा काचेचा विचार आहे.

हे केवळ दृष्टान्तापुरते नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, पंधरा दिवस अन्न न घेता केवळ पाण्यावर राहण्यास सांगतो. सोळाव्या दिवशी वेद म्हणण्याची आज्ञा होते, तेव्हा बारा वर्षे अध्ययन केलेल्या त्या पुत्रास काहीच आठवत नाही. मग तो जेवतो, आणि विचारलेले सर्व सांगू लागतो. त्या प्रकरणातील अद्वैताचा सिद्धान्त महानुभावास मान्य होणारा नाही. परंतु अनुभवाची ही नोंद मोलाची आहे. विद्या नष्ट झाली नव्हती. ती आठवण्याचे साधन मंदावले होते. ज्या मार्गात स्मरण हेच मुख्य साधन, त्या मार्गातील साधकाने ही कथा दुरून पाहून सोडून देऊ नये.

उपवासाची मर्यादा

येथे दुसरा पक्ष पुढे येतो. तो म्हणतो : अन्नाने जडत्व येते ना? मग अन्नच कमी करावे. जितके अन्न थोडे, तितके वैराग्य मोठे.

या पक्षाची परीक्षा पाहण्यासारखा एक प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944 च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि 1945 च्या अखेरीस संपला. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीने खंगलेल्या लोकांस पुन्हा कसे सावरावे, हे ठरवण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने तो केला. शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेले 36 तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. देहाने आणि मनाने निरोगी असल्याची खात्री करूनच त्यांची निवड झाली होती. सुमारे सहा महिने त्यांस नेहमीच्या जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

देह कृश होणार हे अपेक्षितच होते. विचार करण्यासारखे आहे ते मनाचे. ही शांत स्वभावाची, एका नैतिक निश्चयासाठी कष्ट सोसणारी माणसे चिडखोर झाली, उदास झाली, एकमेकांपासून तुटली. त्यांचे मन दिवसरात्र अन्नाभोवती फिरू लागले. कोणी पाककृतींची पुस्तके जमवली. कोणी ताटातला घास तासतास घोळवू लागला. ताटे चाटणे सुरू झाले. विशेष हे की बुद्धीच्या ठरावीक चाचण्यांत त्यांची मोठी पिछेहाट दिसली नाही. परंतु लक्ष कशावरच ठरत नाही, अशी तक्रार ते करीत. ज्याचा त्याग करावयाचा तेच मनाचे आलंबन झाले.

अतिउपवासाचा दोष याहून स्पष्ट दिसणार नाही. पोट रिकामे ठेवल्याने विषय सुटत नाही; एका मर्यादेपलीकडे तो विषयच एकमेव स्मरण होऊन बसतो. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यास आणि मुळीच न खाणाऱ्यास, दोघांसही योग साधत नाही असे निरूपिले आहे, आणि झोपेच्या व जागरणाच्या अतिरेकासही तोच न्याय लावला आहे. त्याचे मर्म येथे आहे. देवताफळासाठी केलेल्या व्रतांस आणि उपवासांस या मार्गात मोक्षसाधनाचे स्थान नाही, हे वासनिकही जाणतात. परंतु देवतेचे व्रत सोडून स्वतःच्या वैराग्याच्या प्रौढीसाठी देह सुकवणे, हा त्याच बाजाराचा दुसरा दरवाजा आहे.

अन्नाचा दिवसभरातील व्यापार

आता रोजच्या अन्नाकडे वळू. मेंदूचे वजन देहाच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते, पण विसाव्याच्या स्थितीत देहाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो घेतो. ती मुख्यतः रक्तातील साखरेतून मिळते. म्हणून साखर रक्तात कशी चढते आणि कशी उतरते, यावर लक्ष आणि उत्साह पुष्कळ अंशी अवलंबून असतात. मैदा, साखर, पांढरा भात यांचे मोठे जेवण लवकर पचते. साखर झपाट्याने चढते आणि काहींच्या बाबतीत दोन-तीन तासांत तितक्याच झपाट्याने उतरते. तेव्हा पुन्हा भूक, मरगळ आणि चिडचिड जाणवते. ज्वारीबाजरीची भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी यांतील कोंडा आणि प्रथिने हा चढउतार सौम्य करतात. तेच अन्न भाजी-डाळ आधी आणि भात-भाकरी नंतर या क्रमाने खाल्ले, किंवा जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले, तरी साखरेची चढ कमी होते, असे अभ्यासातून दिसून आले आहे. ग्रामोग्रामी अटन करून भिक्षा घेणाऱ्या पूर्वजांच्या आचारात हे चालणे सहजच घडत होते. आज पंगतीवरून उठून त्याच बैठकीवर बसणाऱ्या साधकाने आपली सुस्ती केवळ दैवाच्या माथी मारू नये.

दुपारची सर्वच ग्लानी मात्र अन्नाची नव्हे. देहाच्या दैनंदिन लयीतच दुपारी एक उतार असतो. न जेवलेल्यासही तो जाणवतो. जड जेवण त्यास खोल करते, एवढेच. ज्यास हे ठाऊक आहे, तो त्या वेळी कठीण प्रकरणाची आवृत्ती काढणार नाही. आश्रमाची सेवा, झाडलोट, पोथ्यांची मांडणी त्या वेळेस ठेवील आणि लीळांचे चिंतन पहाटेस करील.

चहाचा विषय वेगळा काढला पाहिजे. सर्वज्ञांच्या काळी महाराष्ट्रात चहा नव्हता. आसामात त्याची व्यापारी लागवड एकोणिसाव्या शतकात झाली आणि सामान्यांच्या घरी तो विसाव्या शतकात पोहोचला. चहातील कॅफीन हे द्रव्य थकव्याची जाणीव दाबते. थकवा घालवत नाही. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे नाहीसे होण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे सायंकाळी पाच वाजता घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल रात्री दहालाही उरतो; झोप उथळ होते, पहाटेच्या स्मरणात जडत्व येते, आणि ते घालवण्यासाठी पुन्हा चहा लागतो. साखरेचा हिशेब तर सहज करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेल्या मर्यादेप्रमाणे, दिवसाला दोन हजार कॅलरींचा आहार घेणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत आणि शक्य तर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी. एका कपात दोन लहान चमचे म्हणजे सुमारे आठ ग्रॅम साखर धरली, तर सहा कपांत अठ्ठेचाळीस ग्रॅम होतात. पर्वाचे गोड त्याच्या वर. दर्शनास आलेल्या प्रत्येक वासनिकासोबत अर्धा कप घेणाऱ्यास आपण दिवसभरात किती घेतले, हे ठाऊकही नसते.

नावांची यादी की परिणामांची खूण?

गीतेतील त्रिविध आहाराचा अर्थ लावताना पुष्कळदा पदार्थांच्या याद्या केल्या जातात : अमुक सात्त्विक, अमुक तामस. परंतु त्या श्लोकांत पदार्थांची नावे नाहीत. आयुष्य, सत्त्व, बल, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारे ते सात्त्विक; अतिकडू, अतिआंबट, अतिखारट, अतिउष्ण, तिखट, रूक्ष, दाह करणारे आणि परिणामी दुःख व रोग देणारे ते राजस; निःसत्त्व, शिळे, दुर्गंधी, उष्टे, अपवित्र ते तामस. म्हणजे ओळख गुणाने आणि परिणामाने दिली आहे.

याचे महत्त्व ध्यानात घ्यावे. आज महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात ज्या वस्तूंवाचून पान हलत नाही, त्या मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा तेराव्या शतकात येथे नव्हत्या. त्यांचे मूळ अमेरिका खंडात आहे. पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात त्या इकडे रुळल्या. यादवकाळातील तिखट ते मिऱ्याचे, पिंपळीचे, आल्याचे. तेव्हा नावांच्या यादीवर विसंबणाऱ्यास मिरचीसाठी वचन सापडणार नाही आणि साबुदाण्याची खिचडी उपवासाची म्हणून तो तिला निःशंकपणे सात्त्विक ठरवील. वस्तुतः तिच्यात मुख्यतः पिठूळ सत्त्व आणि तेल असते. परिणामाच्या खुणेवर चालणारा मात्र कोणत्याही नव्या पदार्थास एकच प्रश्न विचारील : हा खाल्ल्यानंतर दोन प्रहरांनी देह कसा आहे आणि मन कोठे आहे?

त्या श्लोकांत आणखी एक मर्म आहे. तेथे अमुक आहार सात्त्विक एवढेच म्हटलेले नाही. तो सात्त्विकास प्रिय असतो, असे म्हटले आहे. आहार गुण घडवतो, तसा गुणही आहार निवडतो. झोप न झालेला, खिन्न किंवा संतापलेला मनुष्य गोड, तळलेले, झणझणीत यांकडे ओढला जातो. ते खाऊन थोडा वेळ बरे वाटते, मग मन पुन्हा खाली जाते, आणि पुन्हा तेच हवे वाटते. मनाने अन्न ओढावे आणि अन्नाने मन ओढावे, असे हे चक्र आहे. ते कोठे तोडावे, हा साधकाचा खरा प्रश्न होय.

याच संदर्भात आचार्यांचा एक जुना मतभेद उपयोगी पडतो. आहारशुद्धीने अंतःकरण शुद्ध होते आणि त्याने स्मृती दृढ होते, हा विचार छांदोग्याच्या सातव्या अध्यायात आला आहे. तेथे आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेला प्रत्येक विषय, असा अर्थ शंकराचार्यांनी केला. रामानुजाचार्यांनी तो प्रत्यक्ष अन्न असा घेतला आणि अन्नाचे दोष जातीने, आश्रयाने व निमित्ताने असे त्रिविध मानले. महानुभावास दोन्हींतील उपयुक्त अंश घेता येतो. अन्न खरोखर शुद्ध असावे. पण जेवताना कानांनी निंदा, डोळ्यांनी मोबाइलवरील भांडणे आणि मनाने वैर आत घेतले, तर ताटातील शुद्धी पोटापर्यंतही पोहोचत नाही. देणाऱ्याच्या कुळावरून अन्न दूषित ठरवण्याचा मार्ग मात्र या पंथाचा नव्हे. ज्या श्रीगोविंदप्रभूंनी कोणाचे घर हीन मानले नाही, त्यांच्या अनुयायाने अन्नाचा दोष जातीत शोधू नये. हिंसेत, चोरीत, मादकतेत आणि अतिरेकात शोधावा.

भिक्षूच्या हाती काय उरते?

आता मूळ द्विधेकडे येऊ. भिक्षू पदार्थ निवडत नाही. मग त्याचे मन परतंत्र झाले काय?

येथे निवड या शब्दातच गोंधळ आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराच्या परिणामास आठ कारणे सांगितली आहेत : द्रव्याचा स्वभाव, त्यावरील संस्कार, संयोग, राशी म्हणजे प्रमाण, देश, काल, भोजनाचे नियम आणि भोजन करणारा स्वतः. यांपैकी द्रव्य, संस्कार आणि संयोग ही तीन गृहस्थाच्या चुलीवर ठरतात. देश बहुतांशी प्राप्त असतो. उरलेली चार, म्हणजे प्रमाण, काल, नियम आणि स्वतःची अवस्था, ही भिक्षूच्याच हाती आहेत. त्याच ग्रंथात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन आहारास, एक द्रवास आणि एक वातादिकांच्या संचारास मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. हे पाळण्यास पदार्थ निवडावा लागत नाही. हात थांबवावा लागतो.

म्हणून भिक्षाविधी आणि त्रिविध आहाराचे वचन यांत विरोध नाही. भिक्षा जिव्हेची निवड काढून घेते. विवेकाची निवड काढून घेत नाही. चक्र तोडण्याची जागा पात्रात काय पडले ही नव्हे, तर पात्रातून मुखात किती आणि कसे गेले ही होय. अनेक घरांचे अन्न एकत्र झाले की त्यात भाकरी असते, डाळ असते, कोरड्यास असते. एकाच घरच्या पक्वान्नापेक्षा ते बहुधा देहास अधिक मानवते. रसनेस आवर म्हणून जे सांगितले, तेच आरोग्यासही पोषक ठरावे, यात नवल नाही.

व्याधी आणि नकार

येथे एक कठीण प्रसंग उरतो. मधुमेह झालेल्या भिक्षूस वैद्याने गोड वर्ज्य सांगितले आहे. वासनिकाने प्रेमाने उपहार आणला. तो नाकारला तर अन्नात निवड केली, असा दोष लागतो काय? आणि स्वीकारला तर देह बिघडतो.

याचा निर्णय नकाराच्या मुळावरून करावा. जो साधक आपणास अपायकारक असे गोड नाकारतो, पण हितकारक असे बेचव अन्न निमूटपणे घेतो, त्याचा नकार विवेकाचा आहे. जो व्याधीच्या नावाने बेचव तेवढे टाळतो आणि पर्वाच्या दिवशी मात्र व्याधी विसरतो, त्याचा नकार जिव्हेचा आहे. परीक्षा सोपी आहे आणि ती दुसऱ्याने करण्याची गरज नाही. उपहार मस्तकी लावून कणभर घ्यावा आणि उरलेला सोबत्यांस द्यावा. यात देणाऱ्याचा भावही राखला जातो आणि देहही. परंतु देणाऱ्याचे मन मोडेल या भयाने रोज थोडे थोडे विष घेणे, यास भाव म्हणता येत नाही. वासनिकानेही एवढे जाणावे की आग्रह ही सेवा नव्हे.

मधुमेहावर औषध घेणाऱ्यांबाबत आणखी एक गोष्ट सर्वांस ठाऊक असली पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण चुकले, तर रक्तातील साखर डेसिलिटरला सत्तर मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. तेव्हा घाम, कंप, गोंधळ आणि अकस्मात संताप दिसतो. एरवी सौम्य असणारे वृद्ध महंत एकाएकी ओरडू लागले, तर तो विकार नसून उतरलेली साखर असू शकते. त्या वेळी शुद्धीवर असलेल्यास साखरेचे पाणी द्यावे आणि वैद्यास बोलवावे, उपदेश नंतर. अशा साधकाने उपवासाचा आग्रह धरणे हे वैराग्य नव्हे.

दुसरा विषय ब जीवनसत्त्वांपैकी बाराव्याचा. हे सत्त्व वनस्पतिज अन्नात नसते. शाकाहाऱ्यास ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. ते पुरेसे न मिळाल्यास थकवा, विस्मरण, खिन्नता, हातापायांस मुंग्या अशी लक्षणे हळूहळू, कित्येकदा वर्षांनी, प्रकट होतात. उतारवयात त्याचे शोषण मंदावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषधही ते कमी करू शकते. अहिंसाव्रती साधकाच्या मनास येणारी मरगळ म्हणजे साधनेतील उणीव, असे समजून तो स्वतःस दोष देत बसतो, आणि कारण एखाद्या रक्तपरीक्षेत सापडते. याची गोळी जिवाणूंच्या किण्वनातून सिद्ध होते, तेव्हा ती घेण्याने अहिंसेस बाध येत नाही. कवच प्राणिज नाही एवढे पाहून घ्यावे.

वासनिकाचे दायित्व

भिक्षूकडे निवड नाही, याचा दुसरा अर्थ असा की ती गृहस्थाकडे आहे. झोळीत जे पडते तेच विजनात साधकाच्या देहात काम करते. पुण्य म्हणून तळलेले आणि अतिगोड वाढणाऱ्याने विचार करावा की हे अन्न स्मरणास साहाय्य करील की निद्रेस. लीळाचरित्रात सर्वज्ञांच्या आरोगणेची आणि बाइसांच्या सेवेची नोंद म्हाइंभटांनी पूजावसराइतक्याच आदराने ठेवली. अन्न सिद्ध करणे हे तेथे गौण काम नाही.

हाच विचार स्वतःच्या घरातही लागू होतो. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभरपैकी सत्तावन्न स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात पंचवीस होते. लोह कमी पडले की दम लागतो, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. सर्वांस वाढून शेवटी उरलेले खाणाऱ्या गृहिणीचा त्रागा पाहून तिला तामसी म्हणणे सोपे आहे. साधुसंतांस पंचपक्वान्ने घालणाऱ्या घरात तीच उपाशी राहत असेल, तर त्या पंगतीतले पुण्य कोणाच्या रक्तातून आले, हे कर्त्या पुरुषाने पाहावे. तिने सर्वांबरोबर बसावे, डाळ, पालेभाजी आणि लिंबू किंवा आवळा तिच्या ताटात असावा, आणि जेवणाला लागूनच चहा नसावा, कारण चहाने लोहाचे शोषण घटते. एवढ्याने घरातील विकार जिंकले जातील असे नाही. परंतु जो विकार नव्हताच, त्याचे प्रायश्चित्त तरी कोणास घ्यावे लागणार नाही.

कारण आणि साहाय्य

शेवटी एका अतिरेकापासून सावध राहावे. अन्नाचा मनावर परिणाम होतो हे मान्य केले की काहीजण सर्वच अन्नावर ढकलू लागतात : क्रोध आला तो तिखटाने, स्मरण चुकले ते भाताने. हा पक्ष जीवाचे कर्तेपण बुडवतो. भुकेने चिडण्याचा वेग येतो. कटु शब्द उच्चारणारे मुख मात्र आपलेच असते. वेग कोठून आला हे जाणल्याने तो आवरणे सुलभ होते, आवरण्याचे दायित्व संपत नाही. दुसऱ्याचा क्रोध पाहावा तेव्हा अन्न आठवावे. स्वतःचा क्रोध पाहावा तेव्हा दायित्व आठवावे. यात उलट केले की दोन्हीकडे अन्याय होतो.

तसेच दूध आणि फळांवर राहणारा मनुष्य कठोर असू शकतो, आणि कोरड्या भाकरीवर राहणारा शांत. अन्न जर कारण असते तर सात्त्विक भोजनाच्या पंगतीतून सर्वच मुक्त होऊन उठले असते. मोक्ष परमेश्वराच्या कृपेने आहे; आचार त्या कृपेस पात्र होण्यासाठी आहे; आणि आहार त्या आचाराचे साहाय्य आहे. साहाय्यास कारण मानू नये, आणि साहाय्य आहे म्हणून त्यास तुच्छही लेखू नये. घास उचलताना एवढेच पाहावे की यानंतरचा प्रहर कोणासाठी राखला आहे. तो स्मरणासाठी राखलेला असेल, तर हात कोठे थांबवावा हे त्याचे त्यास कळते.

दंडवत प्रणाम.